आपल्या माणसांचा सिनेमा

ऋत्विकचा बाप मुरुडच्या कोळीवाड्यातून उठून अमेरिकेत गेला. तिथल्या शाळेत ऋत्विकने डबा उघडला की पोरं नाक धरायची, कारण डब्यात कमळकाकीने गावाहून पाठवलेले सुके बोंबील असायचे. मोठेपणी त्याने त्याच अपमानावर सिनेमा काढला आणि गावातल्या शूटिंगला थेट काकीच्या दारात उतरला.

"काकी, तेवढे बोंबील काढ ना. हिरॉईनला वासाने मळमळतंय."

"आरं, कालच टांगलेत. ओलेच उतरवले तर किडं पडतील."

"दोनच दिवस गं. आपल्याच माणसांचा सिनेमा आहे."

घरचं पोर, त्याला नाही कसं म्हणणार. कमळने दारातल्या बांबूंवरचे सगळे बोंबील उतरवून पाटीत भरले. शूटिंग आटपून गाड्या गेल्या तेव्हा अख्खी पाटी खड्ड्यात पुरावी लागली. त्याबद्दल कुणी विचारलंही नाही.

सिनेमा परदेशात गाजला. मग कोळीवाड्यातही पडदा लावून दाखवला. ऋत्विक माईकवर म्हणाला, "ज्या वासाची मला लाज वाटायची, त्याचाच आज मला अभिमान आहे." पहिली टाळी त्या हिरॉईनने वाजवली.

पडद्यावर कमळचं दार आलं. बांबू बोंबलांनी गच्च भरलेले होते.

शेजारीण कल्पिता कुजबुजली, "वैनी, तुजं बोंबील तर कुजलं ना? मंग हे कुठचं?"



"प्लास्टिकचं. त्यांना वास न्हाय."