डाव्या बाजूचं गवत

गोजराबाईंनी कॅमेरेवाल्या मुलीला गाठलं तेव्हा ती स्टेजसमोरच्या बांधावर बसून पाणी पीत होती. उन्हं कलली होती, तरी खाचराची ढेकळं अजून तापलेली होती. भात निघालं की हे खाचर मोकळंच पडायचं. गेल्या उन्हाळ्यापासून पुण्याची मंडळी तिथे गाण्यांचा महोत्सव भरवू लागली होती. एकाखाली एक बांध, त्यामुळे बसायची सोय आयतीच होती.

"पोरी, मागल्या सालचं फोटू तूच काढल्यालं का?"

"हो मावशी, मीच. स्वरदा माझं नाव."

"ह्ये खाचर आमचं हाय. रस्त्यावर त्यो मोठा बोर्ड लावलाय न्हवं, त्यातला फोटू बी तुजाच?"

"माझाच," स्वरदा म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला.

त्या बोर्डापायी गोजराबाईंना गेले कित्येक दिवस अन्न गोड लागत नव्हतं. त्यांचा राजू थापाड्या होता, हे त्यांनाही मान्य होतं. धरणात आपण माणसाएवढा मासा पाहिला, हेही तो शपथेवर सांगायचा. पण जगाला थापा मारल तरी आईला मारायचा न्हाई, असं त्या छातीठोकपणे सांगत आल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात तो महोत्सवात कामाला होता, आणि कार्यक्रम संपल्यावर घरी नाचतच आला होता. मोठ्या कॅमेऱ्यात आपला फोटो निघालाय, थेट गाणाऱ्या बाईच्या शेजारी, डाव्या अंगाला, हे त्याने आईला रंगवून रंगवून सांगितलं. मग श्रावणात पिरंगुटच्या घाटात त्याची मोटारसायकल घसरली. थापा मारणारा गेला, थापा तेवढ्या राहिल्या.

आणि आता हा बोर्ड लागला. तीच गाणारी, तोच डोंगर, लांबवर धरणाचं पाणी. गोजराबाई भर उन्हात त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, पण डाव्या बाजूला नुसतं गवत. "कुटं हाय गं तुजा राजू? गवतात निजलाय व्हय?" शेजारची नलिनी बोलून गेली आणि मग तिलाच कसंसं झालं. नवरा, हैबतराव, बोर्डाकडे न बघता म्हणाला, "आणीक एक थाप म्हनून सोडून दे." गोजराबाईंना सोडून देता येईना.

"त्या फोटूत," त्यांनी दबकत विचारलं, "डाव्या अंगाला कुनी उभं हुतं का?"

"तुम्हाला कसं कळलं?" स्वरदा हसली. तिने मोबाइलवर तो फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला. "इथे एक जण होता. पोपटी जाकीट घातलेला. सगळं लक्ष त्याच्याकडेच जायचं. मग मी त्याला पुसला आणि शेजारचं गवत तिथवर पसरवलं. बघा बरं, जोड दिसतो का कुठे?"

जोड दिसत नव्हता. फार सफाईचं काम होतं.

पोपटी जाकीट अजून घरात खुंटीला होतं. महोत्सवाच्या कामासाठी मिळालेलं ते राजूने परत केलंच नव्हतं.

"म्हंजी हुता त्यो," गोजराबाई म्हणाल्या. पोरगं आपल्याशी खोटं बोललं नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरला, आणि उतरता उतरता पायावर पडला. "मग न पुसल्याला फोटू आसंल की तुज्याजवळ."

"नाही हो. एकेका कार्यक्रमाचे हजारो फोटो होतात. काही महिने ठेवते, मग जागा रिकामी करावीच लागते. तेही पुसले गेले त्यात." ती थांबली. "ओळखीचे होते का तुमच्या?"

"कसा उभा हुता?" गोजराबाईंनी विचारलं.

"वायरीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून ठेवलं होतं त्याला. सगळे गाणारीकडे बघत होते, हा एकटा कॅमेऱ्याकडे. कमरेवर हात ठेवून. आणि असा हसत होता, मला त्याचे दातच आठवतायत."

"म्होरला एक तुटल्याला?"

"हो. तुटकाच होता."

गोजराबाईंनी मान हलवली. तेवढंही पुष्कळ होतं.

"आलेत का ते आज?" स्वरदाने उठत कॅमेरा गळ्यात अडकवला. "दाखवा मला. आज त्यांच्या एकट्याचा छान फोटो काढते."

गोजराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. राजूच्याच वयाची होती. तिच्या ध्यानीमनीही काही नव्हतं. सांगितलं असतं, तर पोर जन्मभर ते गवत बघत बसली असती.

"न्हाई आला," त्या म्हणाल्या. "माजा काढतीस?"

"काढते की. या, अशा समोर, मधोमध उभ्या राहा."

गोजराबाई मधोमध गेल्या नाहीत. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या स्टेजच्या डाव्या अंगाला, वायरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. एक हात कमरेवर ठेवला. हसायचं मात्र जमेना.

"मावशी, तिथे कडेला नको. स्टेजच्या खांबांच्या गर्दीत तुम्ही दिसायच्या नाहीत."

"हितंच काढ," गोजराबाई म्हणाल्या. "आन पोरी, मागनं मला पुसू नगंस."