ऑर्केस्ट्रा नको

ठाणाकुशनूरच्या भीमगीत महोत्सवाला सरकारी अनुदान मागायला दीपमाला सासू सरुबाईंना घेऊन बिदरला आली होती. अधिकारीबाई म्हणाल्या, "म्हाताऱ्यांची गाणी कोण ऐकणार? सिनेमाच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा ठेवा, आत्ता मंजूर करते." मांडवापासून जेवणापर्यंत सगळं अनुदानावर अडलं होतं. सरुबाई डफ पोटाशी धरून खाली बघत होत्या. त्यांच्याकडं पाहून दीपमाला उठली. "मग नको, मॅडम. आम्ही गावातल्या चिंचेखाली गाऊ." बाईंची नजर सरुबाईंच्या डफावर गेली. "बसा अक्का. एक गाणं ऐकवा तरी." सरुबाईंनी एक कडवं मराठीत म्हटलं, दुसरं कन्नडमध्ये. बाईंची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. गाणं संपताच त्यांनी सही केली. बाहेर पायरीवर दीपमाला टेकली. "नको म्हणलीस अन् माझा जीवच गेलता," सरुबाई म्हणाल्या. "मग गायलाव कसं, आत्या?" "बाई 'बसा' म्हणल्या, तवा परत आला."