पुण्याला गेल्यावर दाखवू

"सुट्टी खलास," संजीवनं दारातच सांगितलं. "वर्ल्ड कप होईपर्यंत साइटवरच्या कुणालाच सोडत नाहीत. आता थेट जानेवारीत."

त्याची बायको नयना उघडी बॅग पुढ्यात घेऊन बसली होती. पुण्याच्या तिकिटांचे पैसे परत मिळतील, असं तो समजावत राहिला. तिकिटांचं कुणाला पडलं होतं!

फ्रिजवर एक यादी होती. दोह्यातल्या कितीतरी मराठी घरांत ती असते म्हणा. पुण्याला गेल्यावर दाखवायची दुखणी: संजीवची दाढ, मुलाचा चष्मा, नयनाचा गुडघा. कंपनीनं यंदा विमाच तसा आणला होता. वर्षाच्या सुरुवातीला कार्डावर ठरावीक रक्कम यायची. औषधपाणी आधी तिच्यातून, ती संपली की काही हजार रियाल आपल्या खिशातून, आणि मग कुठे विमा. उरलं ते मात्र पुढच्या वर्षाला जमा. मग काय, संजीवनं तापसुद्धा सुंठीच्या काढ्यावर काढला. सहा महिन्यांत एक रियाल मोडला नाही, असं तो ऑफिसात फुशारकीनं सांगायचा.

एक दुखणं यादीत नव्हतं. नयनानं ते लिहिलंच नव्हतं. लिहिलं की खरं झालं असतं. जुलैची सुट्टी येतेच आहे, अशी ती रोज आंघोळीच्या वेळी मनाची समजूत घालायची. आता तीही गेली.

तिनं उठून संजीवचा हात धरला आणि आपल्या डाव्या काखेखाली, छातीच्या कडेला दाबून ठेवला.

"ही गाठ बघ."

त्याची बोटं तिथंच थांबली. "पुण्याला..." असं तो सवयीनं म्हणायला गेला. मग त्यानं खाली बसून कोपऱ्यावरच्या क्लिनिकला फोन लावला.

तिथल्या बाईनं इंग्रजीत नाव विचारलं, कार्डाचा नंबर विचारला. गाठ केव्हापासून आहे, तेही विचारलं. संजीवनं नयनाकडे पाहिलं.

"फेब्रुवारीपासून," ती म्हणाली.

"लास्ट वीक," त्यानं फोनमध्ये सांगितलं.

नयनानं ते खोडून काढलं नाही. गाठ आठवड्याभराचीच असावी, एवढंच तिलाही हवं होतं.