दिवसाआड खाणाऱ्या पेशी

प्रयोगशाळेत लागल्यापासून बाटल्यांत वाढवलेल्या त्या पेशी तिच्या गळ्यात पडल्या होत्या. दिवसाआड त्यांच्या खाण्याचं जुनं द्रावण काढायचं, ताजं घालायचं. त्यांना ना रविवार कळायचा, ना तिचा ताप.

"ताईच्या बाळंतपणालाही येणार नाहीस?" आई फोनवर कडाडली. "अगं, तान्हं बाळसुद्धा दोन दिवस मावशीकडे राहतं, आणि तुझ्या त्या बाटल्या राहत नाहीत?"

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं. "पेशी जिवंत आहेत तोवर सुट्टीचं नावही काढायचं नाही."

मग तिने मन घट्ट केलं आणि आठवडाभर द्रावणाला हातच लावला नाही. तळाला चिकटलेल्या पेशी मरून तरंगायला लागल्या, तेव्हा तिने घरी जायची बॅग भरली आणि पडेल चेहरा करून मॅडमपुढे उभी राहिली.

"मॅडम, सगळ्या गेल्या हो." तिने डोळ्यांना रुमालही लावला.

मॅडमनी मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला.



"वेडीच आहेस, रडतेस काय? पहिल्या आठवड्यात तू स्वतःच्या हाताने कुप्या गोठवून टाकीत रचल्यास ना, त्या याच पेशींच्या. वितळवल्या की पुन्हा जिवंत! तू निवृत्त होईपर्यंत पुरतील!"