बिनपाण्याचं झाड

बहात्तर साली शुक्रवार पेठेत नळाला चार दिवसांतून एकदा पाणी यायचं. गल्लीतल्या तुळशी, मोगरे, बेलाची रोपं, सगळं वाळून गेलं. तेव्हा तिथल्याच धोंडप्पांनी करमाळ्याच्या माळावरून तिधारी निवडुंग आणून आपल्या अंगणात लावला आणि सगळ्यांना बजावलं, "याला थेंबभर पाणी घालायचं न्हाय. पाणी दिलं की मरतंय हे."

निवडुंग चांगला तरारला. पंधरा दिवसांनी शेजारच्या नागव्वा वाटीत पूजेचं पाणी घेऊन आल्या आणि त्याच्या बुडात ओतून मोकळ्या झाल्या.

"नागव्वा, पाणी नको म्हणलं हुतं न्हवं का?"

"हे पाणी कुटं हाय अण्णा? महादेवाच्या अंगावरचं तीर्थ हाय. मोरीत सोडू व्हय? आन् गल्लीत दुसरं हिरवं झाड तरी कुटं ऱ्हायलंय?"

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली बावीस घरं आपापलं तीर्थ घेऊन अंगणात येऊ लागली. लोकांनी अंघोळीत काटकसर केली, पूजेत नाही.

महिन्याभरात निवडुंग आडवा झाला. धोंडप्पांनी उपटून पाहिला, तर मुळं कुजून हातात नुसता लगदा आला. सगळी गल्ली हळहळली. नागव्वा तर डोळ्याला पदर लावून म्हणाल्या,



"तुमी बी लई हट्टी, अण्णा. एखाद्या दिवशी तांब्याभर पाणी घालायचं हुतं की."