शंभरातली एक

"सही नाही करायची मला," शिक्षिका नवऱ्याला म्हणाली आणि ऑपरेशनच्या संमतीचा कागद तिने पर्समध्ये कोंबला. "गाडी आण. घरी जाऊ."

नवरा गाडी आणायला गेला. डॉक्टरांनी अर्धा तास घसा कोरडा केला होता. गाठ दोन्ही स्तनांत आहे म्हणून धोका दुप्पट होतो असं नाही, वेळेत काढली तर बायका वर्षानुवर्षं जगतात. पण ही गणित शिकवणारी. शंभरात किती, म्हणून हटून बसली. डॉक्टरांनी आकडा सांगितला, तर तो पटेना. उशीर केला तर हातची वेळ जाईल, हेही तिला कळत होतं.

"दोन्हीकडे?" शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं. साठीच्या, अंगभर शाल, गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत राहिलेली. शिवणाच्या दुकानातून तडक उठून आल्या असाव्यात. डॉक्टरांच्या खोलीतलं बोलणं त्यांच्या कानावर आलं असावं.

शिक्षिकेने मान हलवली.

"माझंही तसंच. एकवीस वर्षं झाली."

"एकवीस?" शिक्षिका त्यांच्याकडे वळली. "दोन्ही?"

"दोन्ही. तेव्हापासून तीन सुना आल्या. तिघींना पुरून उरले."

कितीतरी दिवसांनी शिक्षिका हसली. "टाके किती दिवस दुखले हो?"

"अगं, टाके घालायचं माझं काम. मोजायचं नाही."

"तेव्हा डॉक्टर हेच होते?"

"हे तेव्हा शाळेत डबा खात असतील."

"मग आज कशाला आलात?"

"तोंड दाखवायला. आणि शंभरात किती, शंभरात किती, काय घेऊन बसलीस? त्यातली एक समोर बसलीय. बघ की!"

शिक्षिका बघतच राहिली. ताठ पाठ, मिस्कील डोळे, दोन्ही हात मांडीवर शांत. एवढं सगळं सोसून माणूस असं बसू शकतं, याने ती थक्क झाली. तिने कागद काढला, पर्सवर ठेवून सही केली आणि बाईंचा हात घट्ट धरला. हात गार होता.

"मावशी, या आत," नर्सने हाक मारली.

बाई उठल्या. कागद द्यायला शिक्षिकाही मागोमाग दारापर्यंत गेली. दार अर्धवट उघडं होतं.

"सकाळी सांगितलं तसं," डॉक्टर म्हणत होते, "गाठ दोन्हीकडे आहे. मग, काय ठरवलंत बाहेर बसून?"

शिक्षिका दारातच थबकली.

"करू या," शिंपीणबाई म्हणाल्या. "पण डॉक्टर, ऑपरेशन म्हणजे... फार दुखतं का हो?"