लोखंडी तुलपार

"पापा, तुमच्या गिटारची वायर जाते तरी कुठे?"

मोल्दीरने विचारलं आणि मटणाच्या बेशबर्माकच्या ताटाभोवतीचे सगळे हात थबकले. वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, पाहुण्यांसमोर विचारून दाखव. तिने विचारलं.

पाहुणे होते तोरेखान आगाय, म्हणजे तोरेखानसाहेब, अल्माटीच्या शहरदिनाच्या कार्यक्रमाचे आयोजक. मान त्यांचा, म्हणून मेंढीचं शिजवलेलं डोकंही त्यांच्याच पुढे ठेवलेलं. त्यांच्या शेजारी ड्रमर दुलातकाका. समोर पापा, गिटारवादक येर्केन.

'लोखंडी तुलपार' हा बँड एका जुन्या सिनेमातला. तुलपार म्हणजे पंखांचा घोडा. पंख सिनेमातच होते आणि बँडही सिनेमातच होता. सिनेमा संपला की त्याने संपायला हवं होतं. पण लोकांनी संपू दिलं नाही. तेव्हापासून लग्नं म्हणू नका, साठीचे समारंभ म्हणू नका, त्यात वादक झालेले हे दोघे तेच कातडी जाकीट घालून उभे राहत, आणि गायिका म्हणून पांढऱ्या झग्यात रोझा. मागे टेप वाजे, पुढे हे हात हलवत. जाकिटाची चेन आता पोटापाशी येऊन हार मानायची. काकांच्या काठ्यांना टोकाशी फडकं गुंडाळलेलं असायचं, चुकून खरा आवाज निघाला तर काय घ्या! आणि लोक यांच्यासोबत फोटो काढायला रांग लावत. मोल्दीरला त्या रांगेचीसुद्धा लाज वाटायची.

"वायर जाते खिशात," दुलातकाका म्हणाले. "थंडीत तिलाही ऊब नको का?" आणि स्वतःच खो खो हसले.

तोरेखान आगाय हसले नाहीत. त्यांनी सुरीने मेंढीचा कान कापला आणि मोल्दीरपुढे धरला. कान नेहमी घरातल्या लहानाला मिळतो. "घे पोरी. खा आणि ऐकायला शीक. आमची रोझा लेकीकडे जर्मनीला निघून गेली. शहरदिनाला तिच्या जागी तू उभी राहा, पांढऱ्या झग्यात. तोंड उघडायचं, मिटायचं. माशाला जमतं, तुला नाही जमणार?"

"मला गाता येतं, आगाय."

"शाळेत तुम्ही तिघी पोरी बँड म्हणून जो गोंगाट करता, तो ऐकलाय मी. गाण्याची गरज नाही. चेहरा पुरे."

एवढा मोठा मंच पापांना पहिल्यांदाच मिळत होता. महिनाभर ते जाकिटाला तेल लावत होते. मोल्दीर नाही म्हणाली तर तो मंच जाणार होता. हो म्हणाली तर अख्खी शाळा तिला मासा होताना बघणार होती.

तिने कान ताटाच्या कडेला ठेवला. "म्हणजे बँड खोटा, वाजवणं खोटं, आता त्यात मी खोटी मुलगी. पापा, खरं सांगा, तुम्हाला एक सूर तरी वाजवता येतो का?"

पापांनी कांद्याची चकती बोटात फिरवली. उत्तर आईने दिलं. ती चहा ओतत होती, ओतता ओतताच बोलली.

"रोज गॅरेजमध्ये हे काय करतात, असं वाटतं तुला?"

"गाडी दुरुस्त करतात."

"ती गाडी कधी सुरू झालेली पाहिलीस?"

मोल्दीरने तोंड उघडलं आणि मिटलं.

"आत बसतात, काचा वर करतात आणि वाजवतात," आई म्हणाली. "चांगलं वाजवतात. दुलातही वाजवायचा."

"मग टेप कशाला?"

"कारागांदा शहरात एकदा टेपशिवाय वाजवलं होतं यांनी. तेव्हा चांगले बारीक होते दोघे. सिनेमातल्या त्या गाण्यात मध्येच आगगाडीची शिट्टी वाजते ना, जिच्यावर सगळे हात वर करून ओरडतात? सिनेमात स्टेशनजवळचा प्रसंग होता म्हणून ती गाण्यात आली. टेपवर आहे. यांच्या गिटारमध्ये कुठून येणार? लोक हात वर करून उभे राहिले. शिट्टी आलीच नाही. मग एक बाई ओरडली, 'हे भामटे आहेत! खऱ्या तुलपारला आणा!' मग अख्खा हॉल ओरडायला लागला. टेप लावली तेव्हा कुठे गप्प झाले."

"कोण होती ती मूर्ख बाई?"

"मी," आई म्हणाली. "साखर किती घालू, आगाय?"

दुलातकाकांना ठसका लागला. मोल्दीर आईकडे बघतच राहिली. "आणि मग लग्न केलंस?"

"कार्यक्रमानंतर भामट्यांना आणखी चार शब्द सुनवायला मागच्या दाराने गेले. हे पायरीवर बसून एकटेच वाजवत होते. शिट्टी नव्हती. मला तिची आठवणही झाली नाही."

पापा खाली बघून म्हणाले, "लोकांना शिट्टी हवी असते, मोल्दीर. मी शिट्टी विकतो. घर चालतं त्यावर."

"चालतं ना? मग झालं तर!" आगाय खुलले. "झग्याचं माप सांगा."

मोल्दीर उठून उभी राहिली. तिचे गाल लाल झाले होते, आणि रागावलेली असून ती हसत होती.

"आगाय, तुमच्याकडे टेप आहे ना? झगा तिलाच घाला. ती कधी चुकत नाही, उलट प्रश्न विचारत नाही आणि कानही मागत नाही."

"येर्केन, ही पोर मंच घालवतेय तुझा!"

पापांनी मान वर केली. पण मोल्दीर आता आगायकडे बघतच नव्हती. ती आई आणि पापांसमोर येऊन थांबली.

"आई, पापा, माझं ठरलंय. मी तुमच्या बँडमध्ये येणार नाही. पापा, तुम्ही आमच्या बँडमध्ये येताय. सोमवारी शाळा सुटल्यावर तालीम आहे. उशीर केलात तर काढून टाकीन."